मंत्र्याचा न्यायमूर्ती झाला तेव्हा

तलश्शेरीच्या कोर्टात पाऊस आत येतो. मलबारचा जूनमधला पाऊस, थांबायचं नाव न घेणारा. व्हरांड्यात ओल्या मुंडूतली माणसं भिंतीला टेकून उकिडवी बसली आहेत, आणि त्यांच्यात जागा करून तुम्हीही बसता. 1930 चं दशक संपत आलंय. हा भाग अजून मद्रास इलाख्यात मोडतो. बंदरावरून मिरीचा वास येतो, समोर ईस्ट इंडिया कंपनीचा जुना किल्ला आहे, आणि शेजारच्या माणसाच्या मुठीत एक चुरगळलेला कागद. त्याला तो वाचता येत नाही. जमीनदाराने त्याला जमिनीवरून काढायचा दावा लावलाय, एवढंच त्याला ठाऊक आहे.

पुकारा होतो. तो उठतो. त्याच्यापुढे काळा डगला घातलेला एक तरुण वकील चालू लागतो. पालक्काडजवळच्या वैद्यनाथपुरमच्या तमिळ ब्राह्मण कुटुंबातला मुलगा, वडील रामा अय्यर या भागातले नावाजलेले वकील. पालक्काडला आणि अन्नामलाई विद्यापीठात शिकून, मद्रासला कायदा करून तो वडिलांच्या हाताखाली काम करायला लागलाय. त्याच्याकडे चांगल्या फीची कामं येऊ शकतात, येतातही. पण व्हरांड्यातली ही ओली माणसं त्याच्याभोवती वाढत चालली आहेत: कुळं, विडी कामगार, संपात पकडलेले कार्यकर्ते. नाव व्ही. आर. कृष्ण अय्यर.

त्याला आत्ताच नीट पाहून ठेवा. पुढे हा माणूस आमदार होईल, मंत्री होईल, निवडणूक हरेल आणि शेवटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बसेल. राजकारणातून न्यायासनावर गेलेला माणूस निःपक्ष राहू शकतो का, हा प्रश्न आपल्याकडे दर काही वर्षांनी उठतो, आणि बहुतेक वेळा रास्तच असतो. त्याचं उत्तर या एका आयुष्यात तुम्हाला सरळ मिळणार नाही, पण हा प्रश्न कुठे धरायचा ते दिसेल.

दहा वर्षं पुढे या. 1948. देश स्वतंत्र झालाय, आणि मलबारमध्ये कम्युनिस्टांची धरपकड चालू आहे. चौकशीच्या नावाखाली पोलीस कोठडीत मारहाण करतात, म्हणून वकील कृष्ण अय्यर तक्रार करतात. उत्तर म्हणून त्यांनाच आत टाकलं जातं. आरोप काय, तर कम्युनिस्टांना कायद्याची मदत केली. महिनाभर ते तुरुंगात असतात. तुम्ही त्या कोठडीत त्यांच्या शेजारी बसा. ज्या दारातून वकील म्हणून आजवर ते आत जात आणि अर्ध्या तासात बाहेर येत, ते दार आता बाहेरून बंद आहे. आतल्या माणसाला आपल्या खटल्याचं काय चाललंय हे कुणी सांगत नाही, पत्र पोचलं की नाही कळत नाही, आणि शिपायाची मर्जी हाच कायदा असतो. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नसतं. हा महिना लक्षात ठेवा. यापुढे जिथे जिथे आपण थांबू, तिथे तो सोबत येणार आहे.

1952 ची निवडणूक भराभर पाहून घ्या. कूत्तुपरंबा मतदारसंघातून अपक्ष म्हणून ते मद्रास विधानसभेत जातात, विरोधी बाकांवर बसतात. 1956 च्या 1 नोव्हेंबरला भाषावार रचनेत केरळ जन्माला येतो आणि मलबार त्यात जातो. पाच महिन्यांनी तुम्ही तिरुवनंतपुरमच्या सचिवालयात उभे असता.

5 एप्रिल 1957. ई. एम. एस. नंबूदिरीपाद मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतात. कम्युनिस्ट पक्ष मतपेटीतून सत्तेवर आलाय, ही बातमी जगभर गेली आहे आणि सचिवालयाच्या जिन्यांवर परदेशी पत्रकारांची वर्दळ आहे. पक्षाचे सभासद नसलेले, कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर तलश्शेरीतून निवडून आलेले कृष्ण अय्यर मंत्रिमंडळात आहेत. त्यांच्याकडची खाती ऐका: गृह, कायदा, तुरुंग, पाटबंधारे, वीज, समाजकल्याण. नऊ वर्षांपूर्वी ज्या पोलिसांनी त्यांना उचललं, तेच खातं आता त्यांना सलाम ठोकतं. सूड उगवायला याहून चांगली संधी कुणाला मिळणार?

शपथविधीला आठवडा होतो न होतो तोच कुळांना जमिनीवरून काढायला बंदी घालणारा वटहुकूम निघतो. तो कागद हातात घ्या. तलश्शेरीच्या व्हरांड्यातल्या माणसाच्या मुठीतल्या कागदाला मिळालेलं हे उत्तर आहे, आणि त्यासाठी कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. राजकारणात माणूस जातो तो याच ओढीने. वकील एका कुळाला वाचवतो, मंत्र्याच्या एका सहीने हजारो वाचतात. गरिबांना सरकारी खर्चाने वकील देण्याची व्यवस्था, कैद्यांच्या हक्कांसाठी तुरुंगाच्या कारभारात बदल, नवी कोर्टं, बायकामुलांसाठी आधारगृहं, अशी कामं या दोन वर्षांत मार्गी लागतात. महिनाभर तुरुंगात काढलेला माणूस तुरुंग खात्याचा मंत्री झाला की काय होतं, ते फाइलींत दिसतं.

पण सत्तेची दुसरी बाजूही तुम्हाला इथेच पाहायची आहे. मालक-मजुरांच्या भांडणात पोलीस मालकाची बाजू घेणार नाहीत, असं जाहीर करणाऱ्या याच सरकारच्या पोलिसांनी 1958 मध्ये चंदनत्तोप्पला काजू कामगारांवर गोळ्या झाडल्या. पुढच्या वर्षी शिक्षण कायद्यावरून आणि जमीन सुधारणांवरून राज्य पेटलं. चर्च, नायर संघटना, काँग्रेस, सगळे रस्त्यावर उतरले. त्या लढ्याला त्यांनी मुक्तिसंग्राम म्हटलं. 13 जून 1959 ला अंगमालीत पोलिसांच्या गोळ्यांनी सात जण मेले. कैदी म्हणून राज्यसत्तेचा मार खाल्लेला माणूस त्या दिवशी राज्यसत्तेच्या बाजूला बसला होता. हे झाकून कृष्ण अय्यरांचं आयुष्य सांगता येत नाही, आणि सांगूही नये. 31 जुलै 1959 ला केंद्राने सरकार बरखास्त केलं. माजी मंत्री पुन्हा वकिली करायला लागले. 1965 ची विधानसभा निवडणूक ते हरले.

इथे त्यांच्या आयुष्याची वाट वळते. 1967 मध्ये नंबूदिरीपाद पुन्हा मुख्यमंत्री होतात आणि 2 जुलै 1968 रोजी कृष्ण अय्यर केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतात. तुम्ही एर्नाकुलमच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून वकिलांची कुजबुज ऐका. कालचा मंत्री आज निवाडा करणार? ज्यांनी त्यांना नेमलं, त्यांच्याविरुद्ध खटला आला तर? कुजबुज रास्त आहे. तीन वर्षांनी ते दिल्लीला विधी आयोगावर जातात. आयोगाचे अध्यक्ष आहेत आपले प्र. बा. गजेंद्रगडकर, माजी सरन्यायाधीश. याच काळात गरिबांना मोफत कायदेशीर मदत कशी द्यावी, यावरच्या सरकारी समितीचं अध्यक्षपद कृष्ण अय्यरांकडे येतं आणि 1973 मध्ये ते अहवाल सादर करतात.

आता मुंबईला या, त्याच 1973 मध्ये, उच्च न्यायालयाच्या बार रूममध्ये. हवा तापलेली आहे. एप्रिलमध्ये घटनादुरुस्तीच्या मर्यादांवरच्या केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि लगेच शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. तिघांनीही राजीनामे दिले. न्यायाधीश निवडताना त्याचं सामाजिक तत्त्वज्ञान पाहावं, असं सरकार उघड बोलू लागलंय. अशा वेळी एका माजी डाव्या मंत्र्याचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे येतं. मुंबईचे वकील विरोधाला उभे राहतात, आणि त्यांच्यात सोली सोराबजीही आहेत.

त्या खोलीत तुम्ही कुणाच्या बाजूने हात वर कराल? मी असतो तर विरोध करणाऱ्यांच्या बाजूने केला असता, आणि आज निकाल माहीत असूनही तो हात खाली घेतला नसता. सरकारने आपल्याला सोयीची माणसं न्यायासनावर बसवायची ठरवलं असताना माणूस गुणी आहे हे पुरेसं नसतं, कारण तीच वाट पुढे गुणी नसलेल्यांनाही खुली राहते. सोराबजींनी पुढे या माणसाबद्दलचा आपला अंदाज चुकला, असं मोकळेपणाने सांगितलं. अंदाज चुकला, तरी धास्ती खोटी नव्हती.

17 जुलै 1973 ला कृष्ण अय्यर सर्वोच्च न्यायालयात शपथ घेतात. पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी शारदा जातात. दिल्लीच्या घरात आता ते एकटे आहेत.

आणि आता जून 1975. इथे जरा बसू.

12 जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी रायबरेलीतून झालेली इंदिरा गांधींची निवड रद्द केली आणि अपिलासाठी वीस दिवसांची मुदत दिली. सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी आहे. सुट्टीतले न्यायमूर्ती म्हणून दिल्लीत कोण आहे? कृष्ण अय्यर. लूने भाजलेल्या त्या दुपारी त्यांच्या घरातला फोन वाजतो. पलीकडे कायदामंत्री ह. रा. गोखले. हे गोखले मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, आता राजकारणात. एक राजकारणातून न्यायासनावर आलेला, दुसरा न्यायासनावरून राजकारणात गेलेला, आणि दोघांमध्ये टेलिफोनची तार. कृष्ण अय्यरांनी हा प्रसंग पुढे स्वतः सांगितला आहे. गोखल्यांना भेटायचं होतं. कशासाठी, असं विचारल्यावर पंतप्रधानांच्या अपिलाचा विषय निघाला. कृष्ण अय्यरांनी सांगितलं की भेटायची गरज नाही, अर्ज रजिस्ट्रीत दाखल करा.

एवढंच ते बोलणं. मंत्री म्हणून दोन वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्या मंत्र्याचा फोन कशासाठी येतो, हे अर्ध्या वाक्यात कळतं. कधीच राजकारणात नसलेला एखादा न्यायमूर्ती भिडेखातर भेटला असता, चहा पाजला असता, आणि मग काय झालं ते त्यालाही नंतर समजलं असतं. हा माणूस मंत्र्याच्या खोलीत आधी राहून आलेला होता.

23 जूनला कोर्ट भरतं. पंतप्रधानांच्या बाजूने नानी पालखीवाला, मुंबईचे, बिनशर्त स्थगिती मागत आहेत. त्यांच्या निवडीला आव्हान देणाऱ्या राजनारायण यांच्या बाजूने शांतिभूषण. दुसऱ्या दिवशी निकाल येतो: स्थगिती मिळते, पण सशर्त. इंदिरा गांधी पंतप्रधानपदावर राहू शकतात, लोकसभेच्या नोंदवहीत सही करू शकतात, सभागृहात बोलू शकतात. खासदार म्हणून मतदान करू शकत नाहीत आणि मानधन घेऊ शकत नाहीत. निवडणूक रद्द झालेल्या कुठल्याही साध्या आमदार-खासदाराला अपील चालू असताना अशाच स्वरूपाचा दिलासा मिळत आलेला होता. 

त्या निकालावर दोन्ही बाजूंनी टीका झाली आणि अजून होते. काही म्हणतात, पूर्ण स्थगिती दिली असती तर आणीबाणी आली नसती. काही म्हणतात, स्थगिती द्यायलाच नको होती. 25 तारखेच्या संध्याकाळी तुम्ही रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांच्या सभेच्या गर्दीत उभे राहा. मध्यरात्रीच्या जरा आधी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आणीबाणीच्या घोषणेवर सही करतात. बहादूरशाह जफर मार्गावर वर्तमानपत्रांची वीज जाते, पहाटे जयप्रकाशांना अटक होते. पालखीवाला वकीलपत्र परत करतात. या रात्रीचं खापर सुट्टीतल्या न्यायमूर्तीवर फोडणं मला पटत नाही. आणीबाणी ज्यांनी आणली, त्यांनीच ती आणली. न्यायाधीशाने पुढच्या राजकारणाची गणितं मांडून निकाल द्यावा, अशी अपेक्षा करणं म्हणजे त्याला पुन्हा मंत्रीच व्हायला सांगणं आहे. देशातल्या सगळ्यांत ताकदवान अर्जदाराला त्यांनी इतर कुठल्याही अर्जदारासारखं वागवलं, हे मला त्या निकालातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं.

आता तिहार. जानेवारी 1978. सरन्यायाधीश बेग, कृष्ण अय्यर आणि कैलासम हे तिघे न्यायमूर्ती स्वतः तुरुंग पाहायला आले आहेत आणि तुम्ही त्यांच्या मागून चालता. फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्राला अपील चालू असतानाच एकांतकोठडीत ठेवलंय. चार्ल्स शोभराजच्या पायांत दंडाबेडी आहे, लोखंडाचे गज जोडलेली, चालताना, झोपताना कायम पायांत. 1894 चा तुरुंग कायदा याला परवानगी देतो, असं प्रशासनाचं म्हणणं. कृष्ण अय्यर तुमच्या पुढे आहेत. वकील म्हणून, आरोपी म्हणून, मंत्री म्हणून आणि आता न्यायमूर्ती म्हणून, तुरुंगाचं दार त्यांच्यासाठी चार नात्यांनी उघडलंय.

ऑगस्टमध्ये निकाल येतो. फाशी शेवटच्या पायरीपर्यंत कायम झाल्याशिवाय कैद्याला असं एकटं डांबता येणार नाही, मनाला येईल तशी बेडी घालता येणार नाही, आणि तुरुंगाच्या भिंतीआड गेला म्हणून कुणी माणूस आपले मूलभूत हक्क बाहेर ठेवून जात नाही. पुढच्या वर्षी तोच बत्रा एका न्यायमूर्तींना पत्र लिहितो: शेजारच्या कैद्याच्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी वॉर्डरने त्या कैद्याला अमानुष इजा केली आहे. ना वकील, ना मुद्रांक. कोर्ट त्या पत्रालाच अर्ज मानतं, मदतीला डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल या वकिलांना नेमतं. पत्र पोचलं की नाही हे कळत नसलेल्या 1948 च्या त्या कैद्याची आठवण तुम्हाला झाली असेल. मला दर वेळी होते.

आता पुण्याच्या येरवडा तुरुंगाकडे या. होसकोट खटल्याची फाइल उघडा. कर्नाटक विद्यापीठाच्या खोट्या पदव्या बनवण्यासाठी मुंबईच्या एका ब्लॉकमेकरकडे शिक्का करायला दिला, असा गुन्हा. सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड दिला, मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा तीन वर्षांवर नेली. आरोपीला सर्वोच्च न्यायालयात जायचं होतं. पण निकालाची प्रत? उच्च न्यायालयाने ती 1973 मध्येच येरवड्याच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. दिली, असं तुरुंग म्हणतो. मिळाली नाही, असं कैदी म्हणतो. कैद्याची पोच कुठेच नाही. अर्ज दिल्लीला पोचेपर्यंत चार वर्षं उलटून गेली आणि शिक्षा भोगून संपली होती. गुन्हेगाराबद्दल कृष्ण अय्यरांना काही हळवेपणा नव्हता; त्याचा अर्ज त्यांनी फेटाळलाच. पण फेटाळताना लिहून ठेवलं: निकालाची प्रत कैद्याला वेळेत, फुकट मिळाली पाहिजे, तुरुंगाने त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर वकील सरकारने द्यायचा. पोच घ्यायची आठवण सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला का व्हावी? कारकुनी कामात माणसाचं स्वातंत्र्य कसं हरवतं, हे ज्याने खात्याच्या खुर्चीतून आणि कोठडीतून असं दोन्हीकडून पाहिलंय, त्यालाच होते.

त्यांच्या निकालांची इंग्रजी अवघड आहे. लांबलचक वाक्यं, शब्दांची आतषबाजी, मधेच उपनिषदं, मधेच मार्क्स. एक परिच्छेद दोनदा वाचावा लागतो. ज्या गरिबासाठी ते लिहीत होते, त्याला यातलं काहीही वाचता आलं नसतं, ही मला त्यांची खरी उणीव वाटते. त्यातून वाट काढून आदेशाच्या शेवटच्या ओळींपर्यंत गेलात, की मात्र भाषा अचानक सरळ होते.

मोतीराम खटला घ्या, 24 ऑगस्ट 1978. मध्य प्रदेशातला एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिलाय, पण रक्कम ठरवायचं काम खालच्या कोर्टाकडे सोपवलंय. मॅजिस्ट्रेट दहा हजार रुपयांचा जामीनदार मागतो. गवंड्याचा भाऊ पुढे येतो, तर त्याला नकार, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. दहा हजार रुपये, 1978 मध्ये, एका गवंड्याला! कृष्ण अय्यर विचारतात की एका देशाचा नागरिक आपल्याच देशातल्या दुसऱ्या जिल्ह्यात परका कसा होतो. मग आदेश: हजार रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडून द्या.

नोव्हेंबर 1980 मध्ये ते निवृत्त होतात. 1987 मध्ये विरोधकांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढतात आणि आर. वेंकटरामन यांच्याकडून हरतात. 2002 मध्ये, वय नव्वदीकडे झुकलेलं असताना, गुजरातच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या न्यायाधिकरणाचं अध्यक्षपद घेतात. त्यांच्यासोबत महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आहेत आणि होस्बेट सुरेश.

शेवटचा थांबा कोची, 4 डिसेंबर 2014. कृष्ण अय्यर गेले आहेत. एम. जी. रोडच्या बाजूला असलेल्या ‘सद्गमय’ या घरासमोर रांग लागली आहे: मंत्री, न्यायाधीश, आणि वर्षानुवर्षं इथे अर्ज घेऊन येणारी साधी माणसं. रांगेत तुमच्या हातात कुणी वर्तमानपत्र दिलं, तर त्यात मोठमोठ्या श्रद्धांजल्या असतील. त्या वर्षी देशाच्या तुरुंगांत असलेल्या दर तीन माणसांपैकी दोन कच्चे कैदी होते, गुन्हा सिद्ध न झालेले. त्यांच्यातल्या किती जणांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नव्हता, आणि मिळालेला जामीनदार दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून परत पाठवला जात होता, हे पाहायचं असेल, तर घराच्या रांगेतून निघा आणि जवळच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन बसा. पुकारा सुरू झालेला असेल.